लेकीनं बोथट केलेली सुरी

डोंगरापलीकडच्या एका गावात एक लोहार राहायचा, आणि त्याला एक लेक होती. गाव आंब्याच्या कलमांवर जगायचं, आणि कलम म्हणजे सगळं सुरीचं काम. काप स्वच्छ बसला तर काडी रोपाला जुळते आणि पालवते. काप चेंगरला तर ती काळी पडून वाळते. त्यामुळे त्या गावात लग्नाच्या मांडवातसुद्धा सोन्यापेक्षा सुऱ्यांच्याच गप्पा जास्त रंगायच्या.

कलमांचा हंगाम आला की बागवान आजीच्या अंगणात सुऱ्यांची पारख व्हायची. आसपासचे लोहार आपापली सुरी घेऊन यायचे. आधी काथ्याची जाड दोरी कापायची, आजी "पुरे" म्हणेपर्यंत. काथ्या भल्याभल्या धारेला रडवतो. मग त्याच सुरीने आंब्याची कोवळी काडी तिरकी कापायची आणि दोन्ही तुकडे परत जुळवायचे. जिच्या काडीवर सांधा दिसणार नाही, ती सुरी पहिली. त्या वर्षाची सगळी कलमं मग तिनेच व्हायची.

दरवर्षी पहिला यायचा तो लोहार. तसा गोड माणूस, पण पारख जिंकला की शेजाऱ्यांना नको नको करून सोडायचा. पाण्याला निघालेल्या बायकांनासुद्धा थांबवून सगळी हकिगत ऐकवायचा. लेक हसायची. आई गेल्यापासून बाबा एवढे खुलायचे ते त्याच दिवसांत, हे तिला ठाऊक होतं.

पण अलीकडे लोहाराची नजर अधू झाली होती. पोलाद तापून नेमक्या रंगावर आलं की पाण्यात बुडवावं लागतं, आणि तो रंगच त्याला नीट दिसेना. त्याच्या सुऱ्या दिसायला देखण्या, पण काथ्यापुढे पूर्वीसारख्या टिकेनात. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या लेकीची सुरी मात्र टिकायची. यंदा बाबांनी मोठ्या हौसेने सांगितलं, "तूही तुझी सुरी घेऊन चल पारखीला." आपण जिंकलो तर बाबा कसे खुलणार, ही चिंता लेकीला लागली.

पारखीच्या आदल्या संध्याकाळी, बाबा पाठमोरे असताना, तिने आपली सुरी उंबऱ्याच्या दगडावर घासली. आपल्याच हाताने घडवलेलं पातं ते, तिच्याने बघवेना. पण ती मनाशी म्हणाली, "मी हरले तर कुणाचं काय बिघडतंय?"

सकाळी अंगणात नेहमीची थट्टामस्करी नव्हती. रात्रीच्या वादळात गावातला जुना मधाळ आंबा मुळासकट पडला होता. त्या जातीचं दुसरं झाड कुठेच नव्हतं. झाड काय, आहेच की, म्हणत त्याचं कलम करायचं आजवर राहूनच गेलं होतं. आता मूठभर काड्या तेवढ्या ताज्या उरल्या होत्या. त्या आजच रोपांवर चढवायच्या होत्या, नाहीतर ती चव गावातून कायमची जाणार होती.

पारख झाली. लेकीची सुरी काथ्यातच अडखळली. लोहाराची सगळ्यांत सरस ठरली. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या आणि त्याचा चेहरा नुसता फुलून आला. लेकीने मात्र बाबांनी जुळवलेली काडी उचलून पाहिली. सांध्यावर बारीकसा चोथा होता.

आजीने लोहाराची सुरी घेतली आणि मधाळ आंब्याची पहिली काडी हातात धरली.

"आजी, थांबा!" लेक ओरडली. बाबांकडे बघायची तिला हिंमत होईना. "माझी सुरी मीच बोथट केलीय. ती याहून चांगली कापते."



"का गं पोरी?" लोहाराने विचारलं.

"तुम्ही हरलात तर तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाटलं असतं तर! चार दिवस जेवलो नसतो धड." लोहाराने हात पुढे केला. "पण माझ्या रुसव्यापायी तू आंबा घालवायला निघालीस? आण ती सुरी इकडे."

तो सहाणेपाशी बसला. अंगठ्याने पातं चाचपत, पाणी शिंपडत त्याने लेकीच्या सुरीला स्वतःच्या हाताने धार लावली. धार लावायला त्याला डोळे लागत नव्हते. लेकीने पुन्हा काथ्या कापला, मग काडी कापली, जुळवली आणि बाबांच्या हातात दिली. लोहाराने काडीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"कापलीस कुठे?" तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आजी, हीच सुरी घ्या. ही माझ्यापेक्षा चांगली निघाली हो!"

लेक त्याच्या गळ्यात पडून रडली. काडी वाळायच्या आत उरका म्हणून आजीने दोघांनाही दटावलं, आणि स्वतःचेही डोळे पुसले.

पुढे एकेक करत सगळ्या कलमांना तांबूस पालवी फुटली. लोहाराच्या भट्टीवर तेव्हापासून पोलादाचा रंग लेक पारखायची आणि घण बाप घालायचा. दारात गिऱ्हाईक आलं, की त्याने काही विचारायच्या आत लोहार म्हणायचा, "सुरी हवीय ना? माझ्या लेकीच्या हातची घ्या."

तात्पर्य: आपल्या माणसाला खोटं जिंकवू नये; ज्याने मायेने शिकवलं, त्याला आपण पुढे गेल्याचा आनंदच होतो.