विश्रामनं राखलेला सर्व्हर

एका गावात विश्राम नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता.

त्याची थोरली बहीण मंदाअक्का जर्मनीत. वडिलांनी आयुष्यभर लिहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी तिनं घरच्या संगणकात घातल्या होत्या. तिकडून त्या बघता याव्यात म्हणून व्हीपीएन सर्व्हर बसवला होता. म्हणजे परक्याला न दिसणारी, घरापर्यंत येणारी तिची खासगी वाट. शुक्रवारी चार वाजता नोंदी विद्यापीठाला दाखवायच्या, त्यावर तिची नोकरी ठरायची. आणि सर्व्हर राखायला कोण, तर विश्राम.

सोमवारी सर्व्हर बंद पडला. विश्रामनं त्यावर टीव्हीवरचा विणलेला रुमाल घातला होता, वरून रजई. यंत्र तापलं.

"झाकू नकोस रे. उघडं ठेव," अक्का फोनवर म्हणाली.

"व्हय अक्का. तसंच करतो."

त्यानं दार, खिडक्या आणि यंत्राचं झाकणही उघडं ठेवलं. मंगळवारी त्यात मांजरी व्याली.

"खोलीला कुलूप लाव. कुणालाही आत सोडू नकोस."

"व्हय अक्का. तसंच करतो."

बुधवारी वीज गेली. चुलतभाऊ दत्तू वायरमन, तो दुरुस्तीला आला. विश्राम उंबऱ्यावर आडवा झोपला आणि संध्याकाळपर्यंत उठला नाही.

"अरे, दत्तू भावकीतला! भावकीला अडवतात होय?"

"न्हाई अक्का. आता न्हाई अडवत."

गुरुवारी दत्तूनं सर्व्हरचा पासवर्ड मागितला. संगणकात धाकट्या काकाच्या लग्नाचा व्हिडिओ होता, तो त्याला बघायचा होता. विश्रामनं पासवर्ड भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच टाकला, म्हणजे कुणी अडून राहायला नको. भावकी एकशेऐंशी घरांची. जो तो आपलं नाव घालून आत शिरला आणि वरातीत स्वतःला शोधू लागला.

शुक्रवारी पावणेचारला सर्व्हर कोसळला. बंद करून चालू केला, पुन्हा कोसळला. अक्का रडकुंडीला आली.

"आत कोण कोण आहे रे?"

"समदी भावकी. आत्यापण हाय."

"विद्यापीठाचे साहेब समोर बसलेत माझ्या. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना बाहेर काढ."

"सगळ्यांना?"

"एकूण एक."

विश्रामनं पडद्यावरची यादी उघडली. जन्मात पहिल्यांदा त्यानं सांगितलेलं काम वेळेत केलं. एकेक नाव कायमचं पुसलं. सर्व्हर झकास चालू लागला आणि त्यानंतर एकदाही बंद पडला नाही. आत कोणी नव्हतंच.

चार वाजून पाच मिनिटांनी अक्काचा फोन आला. ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"विश्राम, मला का काढलंस?"

"यादीत पयलं नाव तुझंच हुतं, अक्का."