रेड्याने पारखलेली मोटर

प्राणी आपापले धंदे करत होते, तेव्हाची गोष्ट. गुऱ्हाळाचा चरक ओढून मान सोलवटलेला एक रेडा, आपल्या जागी जुनी मोटर बसवावी म्हणून कोल्ह्याच्या भंगारवाड्यात गेला. कोल्ह्याने ताज्या हिरव्या रंगाची भलीमोठी मोटर सुरू केली. ती भुंग्यासारखी गुणगुणू लागली.

“रेडेदादा, आहे का काही खडखड? घेऊन टाका!”

“त्या कोपऱ्यातल्या करवतीला पट्टा जोड आणि ओंडका कापू दे,” रेडा म्हणाला.

कोल्ह्याने नाक मुरडत पट्टा जोडला. ओंडक्याला करवत लागताच मोटर कण्हली आणि जळका वास सुटला.

“तुम्हाला कसं कळलं?” कोल्हा ओशाळला.

“बाजारात मला विकलं, तेव्हा माझीही शिंगं अशीच रंगवली होती,” चरकाकडे परत निघालेला रेडा म्हणाला. “पण घेणाऱ्याने आधी भरल्या गाडीला जुंपून पाहिलं.”