नकाशातला मोर

"एकशे बारा विहिरी सिंहासनावरून एका नजरेत दिसल्या पाहिजेत! आणि नकाशातल्या झाडाचं एक पानही पुसायचं नाही! उद्यापर्यंत जमलं नाही, तर गाढवावरून धिंड!"

चांदगिरीच्या रणधवल महाराजांचं फर्मान ऐकून हरबा चितारी मटकन खाली बसला. नव्या विहिरी कुठे खणायच्या, हे ठरवायला महाराजांनी नकाशा मागितला होता. हरबाने अख्खी भिंत रंगवली. जांभळे डोंगर, हिरवीगार रानं, नदीत मासे, माळावर मोर आणि कोपऱ्यात मिशांना पीळ देणारे खुद्द महाराज! मासे तर इतके झकास जमले, की हरबा दोन दिवस स्वतःचीच पाठ थोपटत होता. विहिरी मात्र त्या गर्दीत मोहरीएवढ्या!

"विहिरी काढायला बसलो आणि मासे रंगवत सुटलो! उद्या गाढवावर गाढव बसणार, गोजराबाई!"

दरबार झाडणारी गोजरा खुदकन हसली. "चितारीबुवा, रांगोळी काढायच्या आधी आम्ही अंगण सारवतो. अंगणच नटून बसलं, तर रांगोळीकडं बघंल कोण?"

तिने पातळ मलमल आणून नकाशावर ताणून बसवली. खालचे रंग फिकट झाले. मग तिने हरबाकडून कापडावर विहिरीविहिरीच्या जागी कुंकवाचा ठिपका देववला. मासा आला की हरबाचा हात रेंगाळे. गोजरा डोळे वटारी.

दुसऱ्या दिवशी एकशे बारा ठिपके लखलखीत दिसले. पण महाराज गरजले, "माझ्या तोंडावर पडदा?"

हरबा गोजराच्या मागे सरकला. गोजरा म्हणाली, "सरकार, पुसलं काहीच न्हाई. समदं जागच्या जागी हाय, नुसतं मागं सरलंय. सरकारांना विहिरी बघायच्यात, का सरकार?"

हसू दाबताना महाराजांच्या मिशा थरथरल्या. "माग, काय हवं ते!"

गोजराने एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "ही पाथरवाडी, माझं माहेर. हितं एकबी ठिपका न्हाई."

"काल तर तिथं मोर नाचत होता!"

"मोर चितारीबुवांचा, सरकार. बाया पाण्याला दोन कोस जात्यात."

हरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "महाराज, जागा रिकामी बघवेना, म्हणून मीच मोर बसवला."

महाराज पोट धरून हसले. गळ्यातला कंठा त्यांनी गोजराच्या हाती दिला आणि म्हणाले, "पहिली विहीर पाथरवाडीला! आणि पहिली कुदळ मोरवाल्याची!"