तळ्याकाठचे ठसे

तळ्यांनाही बोलता यायचं, त्या काळची ही गोष्ट.

भर उन्हाळ्यात एक चितळीण तहानलेल्या पाडसाला घेऊन रानातल्या मोठ्या तळ्यावर आली. पाण्याला कुबट वास येत होता, म्हणून ती थबकली.

"वास काय घेतेस, बाई?" तळं म्हणालं. "माझा काठ बघ. पाय ठेवायला जागा नाही इतके ठसे आहेत. पलीकडच्या झऱ्यापाशी मोजून चार दिसतील. एवढं सगळं रान वेडं आहे का?"

पाडसाने तोंड पुढे केलं. चितळिणीने त्याला मानेने अडवलं आणि ठसे नीट पाहिले.

"प्यायला वाकलं की पुढचे खूर चिखलात खोल रुततात," ती म्हणाली. "इथे एकही रुतलेला नाही. सगळे काठापर्यंत आले आणि वळून गेले."

"पण आले होते ना?" तळं म्हणालं.

चितळीण पाडसाला पुढे घालून निघाली. झऱ्यापाशी ठसे थोडेच होते, पण पुढचे खूर चांगले खोल गेलेले. पाडस तिथे पोटभर प्यालं.

संध्याकाळी बगळा आला, तेव्हा तळं त्याला ऐटीत म्हणालं, "आज आणखी दोघं येऊन गेली."