जवभर रबर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की मला सांगणाऱ्यालाही त्यातल्या राजाचं नाव ठाऊक नव्हतं. त्या राजाने टेकडीवर काचेचा महाल बांधला. काचेचा महाल बांधणं सोपं, पुसणं अवघड! म्हणून राजाने एक माणूस नेमला आणि त्याला एकच नियम घालून दिला: काचेवर ओरखडा उठला, तर राज्य सोडायचं.

त्या माणसाकडे एक लांब दांडा होता. दांड्याच्या टोकाला आडवी पितळी खोबण, आणि खोबणीत रबराची पट्टी. ही पट्टी दोन्ही टोकांना जवाच्या दाण्याएवढी बाहेर हवी. आखूड पडली, तर पितळ काचेला लागतं.

अशी पट्टी कापणारा साऱ्या राज्यात एकच म्हातारा होता. रबराच्या चिकाला आंबूस घाण वास येतो, म्हणून त्याची झोपडी गावापासून लांब, रानात. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दिवसभर तो आपल्या सुरीशी बोलायचा. सुरी सगळं ऐकून घेते, पण हुंकार देत नाही.

काम मात्र बघत राहावं असं. रबर फळीवर सैल पसरायचं, तासभर निवांत पडू द्यायचं, सुरी पाण्यात बुडवायची आणि एकाच घावात सरळ काप. "रबर ताणून कधी कापू नये," तो सुरीला सांगायचा. "कापताना पुरतं, आणि आठ दिवसांत आखडतं."

त्याची पट्टी चार महिने टिकायची. म्हणजे काच पुसणाराही चार महिन्यांनीच यायचा. काम जितकं चोख, तितकी भेट लांब! दैवाला कधी कधी असा चावटपणा सुचतो.

एकदा पट्टी घेऊन निघताना काच पुसणारा खुशीत म्हणाला, "काका, तुमची पट्टी बसवली की चार महिने इकडे बघायला नको!"

तो बिचारा कौतुक करत होता. म्हाताऱ्याच्या मात्र ते काळजाला लागलं. त्याने त्या दिवशी मुद्दाम दोन भाकऱ्या केल्या होत्या. पण 'जेवून जा' म्हणायला जीभ रेटली नाही. वर्षानुवर्षं कुणाशी न बोललेल्या माणसाला साधी गोष्ट मागणंही जड जातं. दुसरी भाकरी त्याने संध्याकाळी गार खाल्ली.

पुढच्या खेपेला त्याने रबर फळीवर ठेवलं, डाव्या हाताने किंचित ताणलं आणि कापलं.

आठव्या दिवशी काच पुसणारा दारात हजर. "काका, पट्टी आखडली की हो."

"हवा पालटलीय, लेका. बस, दुसरी कापतो. तोवर भाकरी खा."

आता निमित्त मिळालं होतं, म्हणून जीभही सैल झाली. त्यानंतर दर आठवड्याला हेच. काच पुसणारा यायचा, भाकरी खायचा, टेकडीवरून नदीची वळणं कशी दिसतात ते सांगायचा. एकदा म्हणाला, "महालातले सगळे माझ्या आरपार बघतात, काका. मी समोर उभा असतो, पण दिसत कुणालाच नाही." म्हातारा आपल्याच आनंदात होता. त्याने ते नुसतं कानावरून जाऊ दिलं.

एका भेटीत काच पुसणाऱ्याने पट्टीच्या टोकावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग अर्धी भाकरी आणखी मागून घेतली.

म्हाताऱ्याला राजाचा नियम ठाऊक नव्हता असं नाही. पण 'जवभराने काय बिघडतंय?' असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. आपलं मन आपल्याला फार लवकर पटतं.

मग एक आठवडा काच पुसणारा आला नाही. दुसराही गेला. महिन्याने वाटेवर तोच दांडा दिसला, पण तो एका बाईच्या खांद्यावर होता.

"आधीचा कुठे आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गेला, बाबा. राणीच्या खिडकीवर वरपासून खालपर्यंत ओरखडा उठला. राजाने विचारलं, रबर वाईट होतं का? तर म्हणाला, रबर काकांचं आहे, त्यात खोट कशी असेल, माझाच हात चुकला. त्याच दिवशी त्याला नदीपार घालवलं." बाईने दांडा भिंतीला टेकवला. "तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. मला त्याचा अर्थ काही लागला नाही. म्हणाला, काकांना सांग, नुसती हाक मारली असती तरी आलो असतो."



दुसऱ्या दिवशी तो टेकडी चढला. ओरखडा डोळ्यांनी पाहिला आणि राजाला सगळं खरं सांगितलं. राजाने नदीपार स्वार पाठवले. पंधरा दिवसांनी ते हात हलवत परत आले.

"महाराज, मला शिक्षा द्या," म्हातारा म्हणाला.

"तू राहतोस तिथेच राहा," राजा म्हणाला. "याहून मोठी शिक्षा माझ्याकडे नाही."

तेव्हापासून म्हाताऱ्याने रबर कधी ताणलं नाही. ती बाई चार महिन्यांनी यायची. दर वेळी तो घसा खाकरून म्हणायचा, "पट्टी नको असली तरी येत जा, पोरी. भाकरी असते." ती मान डोलवायची, पण महालाला काचा पुष्कळ, तिला सवड व्हायची नाही. म्हातारा तरीही दोन भाकऱ्या करायचा आणि वाटेने कुणी जाताना दिसलं, की दारातून मोठ्याने हाक मारायचा. कुणी थांबायचं, कुणी नाकाला पदर लावून पुढे जायचं.

म्हणून, मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, सोबत हवी असेल तर ती तोंडाने मागावी. कामात खोट घालून मिळवलेली सोबत त्या खोटीपायीच जाते.