सेकंड लीड सुखदेव

सांगलीकडच्या एका गावात सुखदेव नावाचा एक भोळा गडी होता. पिठाची गिरणी चालवायचा. कोणी काही शिकवलं की तो ते मनापासून पाळायचा, आणि तिथंच घोळ व्हायचा.

त्याला मिरजेचं स्थळ आलं. मुलीचं नाव ऋतुजा. फोटो बघूनच सुखदेव विरघळला. पण मुलीची एक अट होती. तिला कोरियन मालिका आणि गाण्यांचं भारी वेड. त्यावर इंग्रजीत चार शब्द बोलेल असाच नवरा तिला हवा होता.

"वहिनी, मला हीच बायको पाहिजे," सुखदेव म्हणाला. "शिकवा."

सुवर्णावहिनी भाकऱ्या थापता थापता मोबाइलवर त्याच मालिका बघायच्या. त्यांनी पहिला धडा दिला. "गाणारी पोरं बऱ्याच दिवसांनी परत आली की टाळ्या वाजवायच्या आणि म्हणायचं, ग्रेट कमबॅक."

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या तानूबाईंची लेक सासरी भांडून, बॅग घेऊन माहेरी आली. बऱ्याच दिवसांनी आली होती. सुखदेव गिरणी बंद करून धावला आणि दारात टाळ्या वाजवत म्हणाला, "ग्रेट कमबॅक, ताई." तानूबाईंनी बादलीभर पाणी त्याच्या अंगावर ओतलं.

तो निथळत घरी आला. "तिथं काय म्हणायचं होतं, वहिनी?"

"काही नाही. दुसऱ्याच्या गोष्टीत तोंड घालायचं नाही. आणि शेवटी काय होणार ते तर कधीच सांगायचं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचं, नो स्पॉइलर्स."

"पाठ झालं."

रविवारी मंडळी मुलगी बघायला निघाली. जीपमध्ये सगळे मावले, फक्त नवरदेव मावला नाही. तो मागून एसटीनं निघाला.

"कुठं उतरणार?" कंडक्टरनं विचारलं.

सुखदेवनं ओठांवर बोट ठेवलं. "नो स्पॉइलर्स."

"अहो, तिकीट कुठलं देऊ?"

"शेवट आधी सांगत नसतात, साहेब."

कंडक्टरनं पुढच्या फाट्यावर त्याला उतरवलं. मिरजेत पोहे गार झाले आणि मंडळी हात हलवत परत आली.

ऋतुजा स्वभावानं गोड. तिनं स्वतः फोन केला. "पुढच्या रविवारी या. बरं, मालिकेत तुम्हाला कोण आवडतं? मला तर नेहमी सेकंड लीडच आवडतो."

सुखदेव अर्थ विचारायला वहिनींकडं पळाला.

"एका मुलीमागं दोघं असतात," वहिनी म्हणाल्या. "पहिला हिरो. दुसरा साधा, मनाचा चांगला, तो सेकंड लीड. बघणाऱ्या बायकांचा सगळा जीव त्या दुसऱ्यात. अगदी तुमच्यासारखा असतो हो."

वहिनींना वाटलं, आता जमलंच. सुखदेव मात्र काळजीत पडला. मिरजेला तो एकटाच मुलगा म्हणून जाणार. एकटा म्हणजे पहिलाच झाला की.

म्हणून रविवारी त्यानं आतेभावाला बरोबर घेतलं. विक्रांत. बँकेत नोकरी, उंचापुरा, बिनलग्नाचा. सुखदेवनं आपला नवा कोट त्याला घातला आणि स्वतः पिठानं माखलेला गिरणीतला सदरा चढवला. मिरजेत विक्रांतला पुढच्या खुर्चीवर बसवलं, आपण मागं स्टुलावर बसला.

"हा पहिला," त्यानं ओळख करून दिली. "मी दुसरा."

ऋतुजानं काही विचारलं की तो विक्रांतला कोपर मारायचा. "तू बोल. पहिल्यानं बोलायचं असतं." वहिनी डोळे वटारून वटारून दमल्या.

दोन दिवसांनी निरोप आला. मुलगा पसंत आहे. पहिला.

महिन्याभरात लग्न लागलं. मांडवातल्या बायका सुखदेवकडं बघून हळहळत होत्या. बिचारा, किती मनाचा चांगला. सुखदेवची छाती फुगली.

"ऐकलंत, वहिनी? सगळ्यांचा जीव माझ्यातच."

वहिनींना रडू आवरेना. "भाऊजी, तुम्हाला ती खरंच हवी होती ना?"

"होती की. फार हवी होती," सुखदेव म्हणाला.

मग त्याला आठवलं, कालच तासगावचं नवं स्थळ आलं होतं. तो विक्रांतच्या आईकडं वळला.

"आत्या, पुढच्या रविवारी तुझा धाकटा मोकळा आहे का?"