विश्राम ओढा मोजतो

एका गावात एक भोळा पदवीधर होता. त्याचं नाव विश्राम. गावाच्या वरच्या अंगाला पोपटशेठचा रंगाचा कारखाना होता. त्यामुळे गावचा ओढा सोमवारी निळा वाहायचा, मंगळवारी तांबडा. म्हशी डुंबायला काळ्या जायच्या आणि रंगीत होऊन घरी यायच्या.

सरपंच म्हणाले, "विश्राम, शहरात जा. ते प्रदूषणाचं अर्थशास्त्र की काय असतं, त्यात एम. ए. कर. आणि हे बघ, शिकवतील ते नुसतं लिहून घेऊ नकोस. वागण्यात आण."

विश्रामनं मान हलवली. तिथंच सगळा घोळ झाला.

शहरात तो इंदूमावशींकडे खोली घेऊन राहिला. पहिल्याच तासाला कुलथे मॅडम म्हणाल्या, "धूर पसरल्यावर खोकत बसण्यात अर्थ नाही. तो निघतो तिथंच थांबवायचा."

घरी आला, तर मावशी परसात चुलीवर मिरच्या भाजत होत्या. अख्खी आळी खोकत होती. विश्रामनं बादली उचलली आणि चुलीत ओतली.

"मेल्या!" मावशी ओरडल्या. "आता भाकरी काय तुझ्या डोक्यावर भाजू?"

मॅडमना हे कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "अरे, प्रदूषण शून्यावर नाही आणायचं. शून्य धूर म्हणजे शून्य भाकरी. सोसवेल तेवढं राहू द्यायचं."

"चुकलं, मॅडम. आता तसंच करीन."

दुसऱ्या दिवशी मावशींनी हाक मारली, "विश्राम, मेथीच्या वाफ्यात शेळ्या शिरल्यात. हाकल बघू!"

विश्रामनं सगळ्या हाकलल्या. एक ठेवली. तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "तू सोसवेल तेवढीच आहेस." संध्याकाळी वाफ्यात शेळी होती, मेथी नव्हती.

या वेळी मॅडम जरा कमी हसल्या. "सोसवेल किती, हे तू परस्पर कसं ठरवलंस? त्रास देणारा आणि त्रास सोसणारा, दोघांनी समोरासमोर बसायचं. बोलायचं. तोडगा काढायचा."

"चुकलं, मॅडम. आता तसंच करीन."

रविवारी दुपारी मावशी नणंदेकडे गेल्या होत्या. परसातून एक चोर तांब्याचा बंब उचलून चालला होता.

"थांबा," विश्राम म्हणाला. "बसा."

चोर घाबरून बसला.

"मावशींच्या वतीनं मी बोलतो. काय काय न्यायचं म्हणताय?"

चोरानं इकडंतिकडं पाहिलं. "बंब. दोन हंडे. आणि ती कळशी."

"फार होतंय. थोडं तुम्ही सोडा, थोडं आम्ही सोडतो."

चोर समजूतदार निघाला. त्यानं कळशी सोडली. विश्रामनं त्याला चहा पाजला आणि बंब डोक्यावर चढवायला हात दिला.

मावशी आल्या तेव्हा विश्राम दारातच उभा होता. "मावशी, कळशी वाचवली!"

थोड्याच वेळात विश्राम आणि त्याची वळकटी दोघंही ओट्यावर होती. त्याला स्वतःचंच हसू आलं आणि रडूही आलं. 'माझं डोकं म्हणजे पिठाची चाळण,' तो मनाशी म्हणाला. 'पीठ खाली जातं, कोंडा तेवढा राहतो. आणि गाव माझ्या भरवशावर बसलंय!'

या वेळी मॅडम हसल्याच नाहीत. "विश्राम, तोडगाबिडगा विसर. एकच ध्यानात ठेव. आधी मोजायचं. पाण्यात घाण किती, माणसाच्या पोटात गेली किती, हा आकडा मिळाल्याशिवाय हात पुढं करायचा नाही."

"चुकलं, मॅडम. आता तसंच करीन."

त्याच आठवड्यात गावच्या तक्रारीवरून जिल्ह्याचे साहेब ओढा तपासायला आले. ते आले पोपटशेठच्याच गाडीतून. सारं गाव काठावर जमलं. शहरातून मुद्दाम आलेला विश्राम वही-पेन घेऊन सगळ्यांच्या पुढं उभा राहिला.

ओढा त्या दिवशी तांबडालाल होता.

"पाणी तर छान आहे," साहेब म्हणाले. "हा इथल्या मातीचा रंग असणार."

"अगदी बरोबर, साहेब," पोपटशेठ म्हणाला.

सरपंचांचा चेहरा पडला. गाव हळहळलं. साहेब फोटोसाठी एका दगडावर चढले. दगड शेवाळलेला होता. साहेब धप्पकन ओढ्यात पडले.

पाणी कमरेइतकंच होतं, पण साहेब तोंडावर पडले होते. नाकातोंडातून रंग गाळत ते वर आले आणि ओरडले, "बघताय काय? हात द्या!"

सगळ्यांत जवळ विश्राम होता. त्यानं हात पुढं केला. तेवढ्यात त्याला मॅडमचं बोलणं आठवलं. त्यानं हात मागं घेतला, वही उघडली आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात विचारलं,

"साहेब, आधी खरं खरं सांगा. किती गिळलंत?"

साहेबांचा तांबडा चेहरा रंगाखाली पांढरा पडला.

"कुणी... कुणी सांगितलं तुला?"

"देवाशप्पथ, साहेब!" मागून पोपटशेठ किंचाळला. "मी नाही सांगितलं!"

गावानं पोपटशेठकडं पाहिलं. मग साहेबांकडं पाहिलं. सरपंचांनी पोपटशेठचं बखोट धरलं आणि शांतपणे दोन पंच बोलावले.

विश्रामचा जीव मात्र आकड्यात अडकला होता. तो काठावर उकिडवा बसला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला,

"लाजू नका, साहेब. अंदाजानं सांगितलंत तरी चालेल. पेलाभर की तांब्याभर?"